अंधेरीतला बॅले आणि मागे उरलेली एक चाल

रविशंकर म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? सतार, जॉर्ज हॅरिसन, १९६९चं वुडस्टॉक आणि डोळे मिटून डोलणारे लांब केसांचे गोरे लोक. फार तर 'पाथेर पांचाली'. पण मैहरला गुरूकडे साडेसहा-सात वर्षं घासून बाहेर पडल्यावर या माणसाने पहिलं मोठं काम केलं ते बॅलेच्या संगीतकाराचं. आणि तेही पॅरिसमध्ये किंवा मॉस्कोत नाही, चक्क आपल्या अंधेरीत! वाशीहून गोरेगाव लोकल पकडली की जिथे थेट उतरता येतं, त्याच अंधेरीत.

'बॅले' हा शब्द ऐकला की आपण थेट रशियात पोचतो. पांढरे फ्रॉक, चवड्यांवर उभ्या राहिलेल्या मुली, चायकोव्हस्की वगैरे. त्यात चूक काही नाही. या गोष्टीची सुरुवातही एका रशियन बाईपासूनच होते. ऍना पावलोव्हा, त्या काळातली जगातली सर्वांत प्रसिद्ध बॅलेरिना. १९२३ साली तिला लंडनमध्ये भारतीय विषयावर काही नाच बसवायचे होते. तिथे चित्रकला शिकत असलेला एक देखणा भारतीय तरुण तिला भेटला, उदयशंकर. तिच्याबरोबर तो कृष्ण म्हणून नाचला, जगभर फिरला, आणि चित्रकला मागे पडली ती कायमचीच.

पुढे उदयशंकरांनी स्वतःची मंडळी जमवली. आई, भाऊ, काका असा सगळा गोतावळा घेऊन १९३० साली ते पॅरिसला मुक्कामाला गेले. त्यात सगळ्यात धाकटा भाऊ होता दहा वर्षांचा, रवींद्र. घरात रोबू. म्हणजेच आपले रविशंकर.

३ मार्च १९३१ला उदयशंकरांच्या मंडळीचा पहिला मोठा प्रयोग पॅरिसमध्ये झाला. थिएटरचं नाव, तेआत्र दे शाँझेलिझे. आता हे नाव लक्षात ठेवा. कारण १८ वर्षांपूर्वी, २९ मे १९१३ला, याच थिएटरात इगॉर स्त्राविन्स्की नावाच्या ३० वर्षांच्या रशियन संगीतकाराचा 'राइट ऑफ स्प्रिंग' हा बॅले पहिल्यांदा झाला होता, आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा करून थिएटर डोक्यावर घेतलं होतं. आधुनिक संगीत कुठे सुरू झालं असं विचारलं तर बरेच लोक त्या संध्याकाळकडे बोट दाखवतात.

या 'राइट'ची गंमत पाहा. निजिन्स्कीने बसवलेला मूळ नाच पॅरिस-लंडन मिळून दहाच्या आत प्रयोग होऊन बंद पडला आणि लोक तो विसरूनही गेले. १९८७ साली अमेरिकेत जॉफ्री बॅलेने तो पुन्हा उभा केला, तेव्हा जुनी चित्रं, टिपणं, कपडे, आठवणी अशा तुकड्यांवरून तो जुळवावा लागला. पण संगीत? ते कुठेही हरवलं नाही. दोघांनी मिळून पियानोवर वाजवायची आवृत्ती १९१३ सालीच छापली गेली, पूर्ण ऑर्केस्ट्राचा स्कोअर १९२१ साली. नाच मेला, संगीत जगलं. आज ते जगभरच्या ऑर्केस्ट्रा नाचाशिवाय नुसतंच वाजवतात.

हे डोक्यात ठेवून आता मुंबईकडे येऊ.

उदयशंकरांच्या नाचाचं संगीत आधी तिमिर बरन यांचं असे, नंतर विष्णुदास शिराळींचं. शिराळी हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. १९३९च्या सुमाराला अल्मोड्याला उदयशंकरांचं केंद्र उभं राहिलं, तिथे 'लेबर अँड मशिनरी' नावाचा बॅले झाला. मजूर आणि यंत्र हा विषय! पलुस्करांच्या तालमीतला माणूस कारखान्यातल्या यंत्रांच्या लयीला संगीत देतोय, हे चित्र मला फार आवडतं. उदयशंकरांच्या 'कल्पना' (१९४८) या सिनेमाचं संगीतही शिराळींचंच. तो सिनेमा टिकलाय आणि बघता येतो. शिराळींचं नाव मात्र आपल्याकडे संगीताच्या गप्पांत क्वचितच निघतं.

मुंबईला 'बॅले' हा प्रकार नवा नव्हताच. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिबसिंग सोखी यांच्या पत्नी लीला, म्हणजे मॅडम मेनका, यांनी कथकमधून बॅले रचले आणि १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप गाजवला. त्यांची शाळा खंडाळ्याला होती. पुढे कथकमध्ये मोठं नाव झालेल्या दमयंती जोशी त्यांच्याच मंडळीत लहानपणी तयार झाल्या. पण मेनकाबाईंचे बॅले पुराणकथांचे आणि कालिदासाचे होते. अंधेरीत जे झालं ते वेगळं होतं.

१९४३. बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो लोक मेले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत इप्टाची, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची स्थापना झाली. दुष्काळासाठी गाणी-नाच करत पैसे गोळा करणारी बंगालची एक तुकडी मुंबईत आली होती, तिच्यातून सुचलेली गोष्ट म्हणजे 'सेंट्रल स्क्वाड'. पूर्ण वेळ नाचणारे, गाणारे, वाजवणारे तरुण कलावंत एका ठिकाणी राहतील आणि नवे कार्यक्रम बसवून देशभर फिरतील. त्यासाठी जागा मिळाली अंधेरीत, एका बंगल्यात. तेव्हा अंधेरी मुंबई शहराच्या हद्दीतही नव्हती.

हे सगळं कम्युनिस्ट पक्षाच्या आधाराने चाललं होतं. पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांना कलेचं महत्त्व कळत होतं. याच वातावरणात इकडे परळ-लालबागला अण्णाभाऊ साठे स्टालिनग्राडचा पोवाडा गात होते आणि १९४४ साली अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं करत होते. म्हणजे एकाच शहरात, एकाच विचाराचे दोन रस्ते. गिरणगावात डफ-तुणतुणं आणि पोवाडा, अंधेरीत बासरी-सतार आणि बॅले. रशियाचं वारं दोघांनाही लागलं होतं, पण दोघांनीही वाजवलं ते आपल्याच मातीतलं.

अंधेरीच्या बंगल्यात कोण कोण होतं बघा. नाच बसवणारे शांती बर्धन, अल्मोड्याहून आलेले. संगीताला अवनी दासगुप्ता, गाण्यांना बिनय रॉय. नाचणाऱ्यांत शांता गांधी आणि त्यांची बहीण दीना (याच पुढे दीना पाठक), नरेंद्र शर्मा, सचिन शंकर, गुल झवेरी. सगळे विशी-पंचविशीतले. आज ऐरोलीच्या किंवा महापेच्या कुठल्याही आयटी पार्कात दुपारी कँटीनमध्ये गेलात तर ज्या वयाची गर्दी दिसते ना, तीच. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, सकाळी उठून तालीम. 'स्पिरिट ऑफ इंडिया' हा त्यांचा पहिला मोठा बॅले १९४४ सालचा.

त्याच वर्षाच्या अखेरीला रविशंकर मुंबईत आले आणि या मंडळीला मिळाले. वय २४. मागे दोन अगदी वेगवेगळी शिक्षणं. एक, युरोपभर नाचाच्या मंडळीबरोबर फिरताना कानावर पडलेलं सगळं संगीत. दुसरं, मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडची कडक तालीम. बॅलेसाठी ही दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकाच माणसात असणं तेव्हा जवळजवळ अशक्यच होतं.

कारण बॅलेला संगीत देणं म्हणजे मैफिलीच्या बरोब्बर उलटं काम. मैफिलीत राग तासभर उलगडतो, कलाकाराला सुचेल तसा. बॅलेत प्रसंग दोन मिनिटांचा. शेतकरी पेरणी करतोय, मग सावकार आला, मग गाव उठून गेलं. एवढ्यात रंग तीनदा बदलायचा. नाचणाऱ्याने उडी घेतली की सम तिथेच यायला हवी, आज आणि उद्याही. म्हणजे उत्स्फूर्तपणाला जवळजवळ रजाच. शिवाय एकट्या सतारीने भागत नाही, दहा-बारा वाद्यांना वेगवेगळं काम वाटून द्यावं लागतं. आपल्या रागसंगीतात ही सवय नव्हती. ती इथे, अंधेरीत लागली. १९४५ साली 'इंडिया इम्मॉर्टल' उभा राहिला, संगीत रविशंकरांचं. भारताच्या इतिहासाचा पट, परकी सत्ता आणि तिच्याविरुद्धचा लढा असा त्याचा विषय. त्यात शास्त्रीय रागांच्या जोडीला लोकसंगीतही भरपूर होतं.

आणि याच दिवसांत एक छोटं काम झालं. इक्बालचं १९०४ सालचं 'सारे जहाँ से अच्छा' लोक जी चाल लावून म्हणायचे ती संथ होती, उभारी न देणारी. रविशंकरांना सांगितलं, नवी चाल बांधा. त्यांनी १९४५ साली ती बांधली. शाळेत, १५ ऑगस्टला, बीटिंग रिट्रीटच्या बँडवर आपण ऐकतो ती हीच. १९८४ साली इंदिरा गांधींनी अंतराळातल्या राकेश शर्मांना वरून भारत कसा दिसतो असं विचारलं तेव्हा त्यांना उत्तरादाखल हेच शब्द सुचले. तेही सॅल्युत-७ या सोव्हिएत स्थानकातून! गंमत म्हणजे, देशातल्या जवळजवळ प्रत्येकाला ही चाल पाठ आहे, आणि ती कोणाची हे शंभरात पाच जणांनाही सांगता येईल की नाही शंका आहे.

असो. अंधेरीची ही दिंडी फार दिवस चालली नाही. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता, राजकारण तापत होतं आणि कार्यक्रमात काय असावं याबद्दल पक्षाचा शब्द जड होत चालला. रविशंकरांना ते जमेना. १९४६ साली ते बाहेर पडले. शांती बर्धनही निघाले. थोड्याच दिवसांत सेंट्रल स्क्वाडही संपलं. जेमतेम अडीच-तीन वर्षांचा खेळ.

इथे मला शोस्ताकोविच आठवतो. रशियातच राहिलेला, स्त्राविन्स्कीनंतरच्या पिढीचा संगीतकार. त्यानेही ऐन तिशीच्या आत तीन बॅले लिहिले. तिसरा 'द लिंपिड स्ट्रीम', १९३५ सालचा. सामुदायिक शेतीवरचा हलकाफुलका बॅले, म्हणजे विषय अगदी पक्षाला आवडेल असा. सुरुवातीला चालला देखील. पण फेब्रुवारी १९३६मध्ये 'प्रावदा'ने त्याच्यावर घणाघाती लेख छापला आणि तो तिथेच थांबला. त्याचा एक लेखक, ऍड्रियन पिओत्रोव्स्की, पुढच्याच वर्षी पकडला गेला आणि त्याला गोळ्या घातल्या. शोस्ताकोविचने त्यानंतर ४० वर्षं संगीत लिहिलं, पण बॅले पुन्हा कधीही लिहिला नाही.

तुलना ओढूनताणून करायची नाहीये. अंधेरीत कोणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. रविशंकरांना पक्षाचं पटलं नाही तर ते सामान उचलून दोन-चार स्टेशनं पलीकडे राहायला जाऊ शकत होते. शोस्ताकोविचला ती सोय नव्हती. पण एक गोष्ट उलटी झाली. ज्याचा बॅले सत्तेने बंद पाडला त्याचं संगीत कागदावर होतं, म्हणून २००३ साली रात्मान्स्कीने बोल्शॉयमध्ये त्यावर नवा नाच बसवला आणि तो पुन्हा जगभर गेला. ज्यांना कोणी बंदी घातली नव्हती, त्यांचा 'इंडिया इम्मॉर्टल' मात्र असा परत येऊ शकत नाही.

बाहेर पडलेल्यांनी एक मोठा प्रयत्न केला. नेहरूंनी १९४४ साली अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना पाचेक महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, ते १९४६ साली छापून आलं. लगेच त्यावर बॅले करायचं ठरलं. १९४४ साली मुंबईत सुरू झालेलं इंडियन नॅशनल थिएटर पाठीशी उभं राहिलं. संगीत पुन्हा रविशंकरांचं. १९४७च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली, तेव्हा हा बॅले तिथे झाला. स्वातंत्र्य अजून साडेचार महिने दूर होतं. विचार करा, नगरच्या कोठडीत लिहिलेलं पुस्तक, मुंबईत तालमी, आणि समोर आशियाभरचे पाहुणे.

यातून उत्साह वाढला आणि 'इंडिया रेनेसाँ आर्टिस्ट्स' नावाने स्वतःचीच मंडळी काढली. इथे मात्र हिशेब बसला नाही. एवढी माणसं, कपडे, प्रवास, थिएटरचं भाडं. पैसे बुडाले, घरात ताण होता, आणि त्या दिवसांत जीव द्यायचा विचारही मनात आला होता असं रविशंकरांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. त्यातून ते सावरले. १९४९ साली दिल्लीला आकाशवाणीत वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि त्यांचं मुंबईतलं बॅलेपर्व संपलं.

मग प्रश्न असा की हे संगीत गेलं कुठे? पूर्ण 'इंडिया इम्मॉर्टल' किंवा 'डिस्कव्हरी' ऐकता येईल अशी रेकॉर्ड आपल्या हातात नाही. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. तेव्हाच्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. दीड तासाच्या कार्यक्रमाला तीसेक बाजू, म्हणजे पंधराएक तबकड्या लागल्या असत्या. एवढा खर्च कोण करणार आणि विकत कोण घेणार? बरं, लिहून ठेवावं तर स्वरलेखन आपल्याकडे नव्हतं असं नाही. पलुस्करांची पद्धत होती, आपल्या वाळकेश्वरच्या भातखंड्यांची तर घराघरांत पोचली होती. पण त्या पद्धती बंदिशीचा सांगाडा टिपण्यासाठी. दहा वाद्यं एकाच वेळी वेगवेगळं काय वाजवतात, हे लिहिण्याची गरजच आधी कधी पडली नव्हती. वादक ऐकून शिकायचे. तालीम हाच स्कोअर. मंडळी फुटली की स्कोअरची पानं दहा दिशांना चालती झाली.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पटकन कळेल. सगळं ज्ञान टीमच्या डोक्यात, डॉक्युमेंट काही नाही, आणि एक दिवस टीमच विखुरते. प्रॉडक्शनला उत्तम चाललेली सिस्टिम, पण सोर्स कोड कुठेच नाही :-)

त्या संगीताचा अंदाज घ्यायचा तर दोन सिनेमे आहेत. 'धरती के लाल' आणि 'नीचा नगर', दोन्ही १९४६चे, दोन्हींचं संगीत रविशंकरांचं, आणि दोन्हींत इप्टाचेच लोक. बॅलेच्याच दिवसांतलं काम. 'नीचा नगर'ला तर कानच्या पहिल्याच महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. सिनेमाच्या पट्टीवर चढलं म्हणून ते वाचलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण कागद आणि तबकडीशिवायही टिकवण्याचा एक मार्ग असतो, आणि तो याच मंडळीतल्या एका बाईने दाखवला.

शांती बर्धनांना क्षय झाला होता. त्यातून उठून त्यांनी १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' काढला आणि 'रामायण' बसवलं. कल्पना भन्नाट. माणसांनीच कळसूत्री बाहुल्या व्हायचं. चौकोनी मुखवटे, दोरीने ओढल्यासारख्या ताठ हालचाली. संगीत बहादुर खाँसाहेबांचं. १९५४ साली शांती बर्धन गेले, वय अवघं ३८. त्यांची पत्नी गुल, म्हणजे अंधेरीच्या बंगल्यातली गुल झवेरी, तेव्हा पंचविशीत होती.

तिने मंडळी मोडू दिली नाही. प्रभात गांगुलींसारख्या सहकाऱ्यांना धरून ती मुंबईहून ग्वाल्हेरला गेली, तिथून भोपाळला. नाचणारे बदलत गेले, पिढ्या बदलल्या. प्रत्येक नव्या मुलाला जुन्याने शिकवायचं, मान कुठे वळवायची, हात कुठे थांबवायचा. गुल बर्धन २०१० साली गेल्या, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. ५६ वर्षं त्यांनी ते 'रामायण' रंगमंचावर जिवंत ठेवलं. ज्या मंडळीने नाच रचला तिच्याच ओळीतल्या शरीरांतून, एकाकडून दुसऱ्याकडे. निजिन्स्कीच्या नाचाला हे भाग्य लाभलं नाही.

म्हणजे हिशेब असा लागतो. स्त्राविन्स्की-शोस्ताकोविचचं संगीत कागदाने वाचवलं. शांती बर्धनांचं 'रामायण' माणसाने वाचवलं. 'इंडिया इम्मॉर्टल'ला दोन्ही मिळालं नाही. त्यातून दोनच गोष्टी उरल्या: एक चाल, जी कोट्यवधी लोकांना पाठ झाली म्हणून कोणाला जपावीच लागली नाही, आणि दुसरी म्हणजे खुद्द रविशंकर. पुढचे आकाशवाणीचे वाद्यवृंद, 'पाथेर पांचाली', १९६१ साली उदयशंकरांच्या 'सामान्य क्षति'साठी दिलेलं संगीत, १९८९ची 'घनश्याम' ही नृत्यनाटिका, या सगळ्यात दहा वाद्यांना दहा कामं वाटून देणारा तो अंधेरीतला चोवीस वर्षांचा मुलगा आहेच. १९८८ साली मॉस्कोत, क्रेमलिनमध्ये, भारतीय आणि रशियन वादक-गायक मिळून शंभराहून जास्त लोकांना घेऊन त्यांनी कार्यक्रम केला. पावलोव्हापासून निघालेला धागा ६५ वर्षांनी फिरून रशियात पोचला. आणि त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं, बरं का! सहज मिळतं. या वीकएंडला हेडफोन लावून ऐका.

ऐकताना वाद्यवृंद जिथे एकदम उसळतो ना, तिथे जरा त्या बंगल्यातल्या बाकीच्यांची आठवण ठेवा. सतार वाजवणारा जगप्रसिद्ध झाला. बासरीवाले, ढोलकवाले, मागच्या रांगेत नाचणारे, त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंही आपल्यापर्यंत आली नाहीत. पण तालीम हाच जर स्कोअर असेल, तर त्या स्कोअरचा एकेक कागद म्हणजे हीच माणसं होती.